सीडी नाही, पेन ड्राइव्ह नाही. मग विंडोज परत कशी टाकायची?

उद्या सबमिशन आणि आज लॅपटॉप सुरूच होत नाहीये? पुण्यात अशा वेळी पाय टिळक रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांकडे वळतात. पण 'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी थांबा. विंडोज 10 आणि 11 मध्ये दुरुस्तीची सोय सहसा डिस्कच्याच एका लपवलेल्या भागात असते.

काय करायचं?

चार्जर लावा. लॉगिन स्क्रीन येत असेल तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा. येत नसेल तर विंडोज सुरू होऊ लागताच पॉवर बटण 10 सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा स्क्रीन उघडतो.

'ट्रबलशूट'मध्ये जाऊन आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. त्यात तुमच्या फाइल्स पुसल्या जात नाहीत. नाही जमलं तर 'रीसेट धिस पीसी' आणि त्यात 'कीप माय फाइल्स'. फोटो, प्रोजेक्ट राहतात. नंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' दाबलंत तर सगळंच जातं!

पुढे 'लोकल रीइन्स्टॉल' डिस्कवरच्याच फाइल्स वापरतं. त्या खराब असतील तर 'क्लाउड डाउनलोड' निवडा. मात्र त्याला 4 जीबीहून जास्त डेटा लागू शकतो.

गाडी कुठे अडते?

बिटलॉकर चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. बहुतेकदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरूनही बघता येते. ती नसेल तर दुकानदारही फाइल्स उघडू शकत नाही. म्हणून लॅपटॉप ठणठणीत आहे तोवर, आजच, ती कागदावर लिहून ठेवा.