जुन्या मालमोटारीचे इंजिन : आपण बदलावे काय?

पुणे-बंगळूर महामार्ग आमच्या बेळगावाजवळून जातो. चोर्ला घाट उतरून गोव्याकडे जाणाऱ्या मालमोटारीही आपण नित्य पाहतो. त्यांतील कित्येक गाड्या मोठ्या कंपन्यांच्या नसून एकेका कुटुंबाच्या असतात. अशा घरात गाडी म्हणजे शेतकऱ्याची बैलजोडीच. तिचे इंजिन थकले की घरात एकच प्रश्न उभा राहतो : हे काम गॅरेजमध्ये द्यावे, की घरच्या माणसांनी अंगणातच करावे? प्रश्न मजुरीचा दिसतो. पण दिसते तसे नसते. म्हणून त्याचा क्रमाने विचार करू.

प्रथम रोग ओळखला पाहिजे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरातील हवा सुमारे सतरा पटींनी दाबतो. त्या दाबाने हवा इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. ज्या टाटा १२१० एस. ई. गाड्यांनी आपल्या देशाचा माल वर्षानुवर्षे वाहिला, त्यांच्या ६९७ इंजिनात असे सहा सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर व दट्ट्याची धाव १२८ मिलिमीटर. गणिताची आवड असणाऱ्यांनी आकारमान काढून पाहावे. एकूण उत्तर सुमारे ५,६७५ घनसेंटिमीटर येईल. रिंगा आणि लायनर झिजले की दाबलेली हवा निसटते, गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही आणि चढावर दम तोडते.

परंतु दम तोडणारी प्रत्येक गाडी इंजिनाने म्हातारी झालेली नसते. काळा धूर बहुधा तुंबलेल्या एअर फिल्टरचा किंवा बिघडलेल्या इंजेक्टरचा असतो. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण होय. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो, किंवा सिलिंडरात पाणी शिरल्याचा. ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी मिसळले असे समजावे. पुष्कळदा हा दोष हेड गॅस्केटचा निघतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजून घ्यावा. एकाच सिलिंडरचा दाब कमी भरला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा असू शकतो. सहाही कमी भरले, ब्रीदरमधून धूर उसळू लागला आणि ऑइलचा दाबही उतरला, तरच इंजिन खरोखर झिजले म्हणावे. या तपासणीवाचून इंजिन उतरवणे म्हणजे नाडी न पाहता शस्त्रक्रिया करणे होय.

आता गाडीकडे पाहावे. चासी गंजलेली, गिअरबॉक्स खिळखिळा आणि केबिन मोडकळीस आलेली असेल, तर नव्या इंजिनाचा खर्च म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, हेही हिशेबात धरावे.

गाडी धडधाकट असेल तर मार्ग तीन. आहे तेच इंजिन बांधावे. कारखान्यात दुरुस्त होऊन आलेले घ्यावे. किंवा जुन्या बाजारातून दुसरे आणावे. शेवटचा मार्ग स्वस्त, पण फसवा. त्या इंजिनाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. त्यावरील क्रमांक खरडलेला असेल तर ते चोरीचेही असू शकेल. इंजिनाचा क्रमांक नोंदणी-पुस्तकात लिहिलेला असतो. म्हणून इंजिन बदलावयाचे तर मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ नुसार नोंदणी कार्यालयाची रीतसर परवानगी घ्यावी व विमा कंपनीसही कळवावे.

आता मुख्य प्रश्न : कोणते काम आपले? बॅटरी सोडणे, पाणी व ऑइल काढणे, नळ्यांना व तारांना चिठ्ठ्या बांधणे, रेडिएटर उतरवणे, भाग धुऊन ओळीने मांडणे, ही कामे जाणत्या हाताखाली घरची माणसे करू शकतात. पण क्रँकशाफ्ट घासणे हे यंत्राचेच काम. तो पाव-पाव मिलिमीटरच्या हिशेबाने घासतात, आणि त्याच्या व बेअरिंगच्या मधली फट सुमारे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. तेथे डोळ्याचा अंदाज चालत नाही. डिझेल पंपही चाचणी-यंत्रावरच लावून घ्यावा. आमच्या उद्यमबागेत यंत्रकामाचे अनेक कारखाने आहेत. हे गावाचे भाग्य आहे, त्याचा उपयोग करावा.

सर्वांत कठीण क्षण इंजिन उचलण्याचा. सुमारे चारशे किलोंचे धूड साखळीला लोंबकळत असते. ती चेन-पुली झाडाच्या फांदीला किंवा पडवीच्या वाशाला बांधणे हा अविचार होय. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. गाडीखाली भक्कम घोडे हवेतच. टांगलेल्या इंजिनाखाली कोणीही हात वा पाय घालू नये, आणि मुलांनी तर जवळ फिरकूही नये. इतके ठोक फरशीचे आवार, साधने आणि अनुभवी मिस्त्री नसतील, तर हा टप्पा निःसंकोचपणे गॅरेजवर सोपवावा. मजुरी पुन्हा मिळवता येते. चिरडलेला हात परत मिळत नाही.

हिशेबही प्रामाणिक असावा. कागदावर दोन रकाने आखावे. एकात वाचणारी मजुरी लिहावी. दुसऱ्यात साधनांचे भाडे आणि गाडी जितके दिवस अधिक उभी राहील तितक्या दिवसांची बुडालेली कमाई. गाडी थांबली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. पुष्कळांना दुसरा रकाना जड झालेला आढळेल.

आणखी एक गोष्ट विसरू नये. जुने इंजिन कशाने मेले, हे शोधल्यावाचून नवे बसवू नये. रेडिएटर तुंबलेलाच राहिला तर नवे इंजिनही त्याच वाटेने जाईल. बसवल्यावर डिझेलच्या नळीतील हवा काढावी, ऑइलचा दाब चढल्याची खात्री करावी, मगच गाडीवर भार घालावा.

स्वावलंबन म्हणजे सर्व काही स्वतःच करणे नव्हे. आपल्या हाताला काय साधते आणि काय साधत नाही हे ओळखून त्याप्रमाणे वागणे, हेही स्वावलंबनच आहे. कुटुंबाने रोग स्वतः तपासून घेतला, कागद स्वतः सांभाळले, हलकी कामे स्वतः केली आणि अवघड काम जाणत्यास दिले, तर ते इंजिन त्या घरानेच बदलले असे आम्ही म्हणू.