लोहगाव ते फ्रँकफर्ट: आधी पुढच्या सीट, मग मागच्या

जुलै 2008मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली, तेव्हा त्या विमानात इकॉनॉमी क्लासच नव्हता. एरवी सव्वाशेच्या वर माणसं बसतात एवढ्या विमानात पन्नासहूनही कमी सीट, सगळ्या बिझनेस क्लासच्या. विमान आणि वैमानिक प्रायव्हेटएअर या स्वित्झर्लंडच्या कंपनीचे.

कारणं जमिनीवरची होती. पुण्याचं लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ, धावपट्टी 2,535 मीटरची. युरोपपर्यंतचं इंधन आणि दोन-अडीचशे प्रवासी भरलेलं मोठं विमान तिथून उडवणं कठीण. छोट्या विमानात माणसं कमी घेतली की वजन आटोक्यात राहतं, पण मग प्रत्येक सीट महाग पडते. ती परवडणारा प्रवासी पिंपरी-चाकण पट्ट्यात होता. मर्सिडीज-बेंझ 1995पासून पिंपरीत मोटारी जोडत होती, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना उभा राहत होता. अशा प्रवाशाचं तिकीट कंपनीच काढते.

तरीही हे धाडसच होतं. अटलांटिकवर फक्त बिझनेस क्लास चालवणाऱ्या मॅक्सजेट, इऑस आणि सिल्व्हरजेट या तिन्ही कंपन्या डिसेंबर 2007 ते मे 2008 या सहा महिन्यांत बंद पडल्या होत्या. पुण्याचं विमान सुरू झालं आणि दोनच महिन्यांत लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली. तरी ही सेवा तगली. माझ्या मते, फ्रँकफर्टला उतरल्यावर पुढे युरोप-अमेरिकेत कुठेही जाण्यासाठी लुफ्तान्साचंच विमान मिळायचं, हे त्यामागचं मोठं कारण. त्या तीन कंपन्यांकडे असं जाळं नव्हतं.

पण परदेशी जाणारं पुणं फक्त साहेबलोकांचं नव्हतं. स्टुटगार्टला शिकणारी मुलगी, लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने निघालेली आई, चकल्या-लाडवांचे डबे बॅगेत बसवून वजनकाट्यावर पुन्हा पुन्हा तोलणारे बाबा, हेही पुणंच. लोहगावात विमान उभं असताना ही मंडळी रात्री कूल कॅबने घाट उतरून मुंबईच्या सहार विमानतळावर जात. तीन-चार तासांचा रस्ता, तीन तास आधी पोचायचं, खंडाळ्याला गाडी अडकली तर जीव टांगणीला. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची ही दमछाक मला फार लागायची.

काही वर्षांनी त्याच मार्गावर इकॉनॉमीच्या सीट आल्या आणि निवड करण्याची सोय झाली. या सेवेच्या सगळ्या इतिहासात मला हीच घटना सर्वांत मोठी वाटते.

देशांतर्गत प्रवासात क्रम उलटा होता. 2003मध्ये आलेल्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटं दिली, त्यावर सीटचा नंबरच नसायचा. आधी चढेल त्याची खिडकी. 2015मध्ये आलेल्या विस्तारा या कंपनीने बिझनेस आणि इकॉनॉमीच्या मधला प्रीमियम इकॉनॉमी वर्ग आणला. पुढे डिसेंबर 2022मध्ये पुणे-सिंगापूरही सुरू केलं.

प्रायव्हेटएअर डिसेंबर 2018मध्ये दिवाळखोरीत गेली. लोहगावहून फ्रँकफर्टचं विमान आज नाही. नोव्हेंबर 2024मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. जुलै 2024पासून लोहगावला नवं टर्मिनल आहे, ऐसपैस आणि देखणं, पण युरोपला थेट जायचं तर पुणेकराला अजून मुंबई-दिल्लीसारखं दुसरं शहर गाठावं लागतं. धावपट्टी लांबवण्याची मागणी जुनीच आहे. ती पूर्ण होऊन युरोपचं विमान आलं, तर त्यात पहिल्या दिवसापासून मागच्या सीट हव्यात.