जुन्या जीपचे दिवे आणि ओहमचा नियम

डिसेंबर २०२१मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांचे नाव देशभर झाले. भंगारातील सुटे भाग जुळवून त्यांनी जीपच्या तोंडवळ्याची एक छोटी गाडी तयार केली होती. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू होई. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२मध्ये ती त्यांना मिळाली. जुने लोखंड वाया जाऊ न देण्याची ही वृत्ती सातारा-सांगली भागात नवी नाही. शेतीच्या कामासाठी, वडापच्या धंद्यासाठी आणि अलीकडे हौसेखातर, जुन्या जीप इथे वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरल्या गेल्या आहेत.

अशी जुनी गाडी रस्त्यावर आणली की एक तक्रार हमखास ऐकू येते : पुढच्या दिव्यांना उजेड नाही. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. ६० वॅटचा बल्ब काढून १०० वॅटचा बसवायचा. मग स्विच तापू लागतो, वायरीच्या आवरणाचा वास येतो आणि उजेड मात्र अपेक्षेइतका वाढत नाही. असे का होते, याचे उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या ओहमच्या नियमात आहे.

जुन्या जीपमध्ये बॅटरीतून निघालेला विद्युतप्रवाह आधी डॅशबोर्डावरील स्विचपर्यंत येतो, तेथून पायाशी असलेल्या डिपरच्या स्विचमध्ये जातो आणि मग पुन्हा पुढे दिव्यांकडे वळतो. ही वाट सहज पाच मीटर भरते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो, म्हणजे पाच मीटरला ०.०८५ ओहम. त्यात झिजलेले स्विच, सैल जोड आणि गंजलेले अर्थिंग यांचा रोध मिळवला, तर एकूण ०.२ ओहम होणे मुळीच अवघड नाही. आकडा क्षुल्लक वाटतो, पण दिव्याचा स्वतःचा रोधही लहानच असतो, हे विसरता कामा नये.

१२ व्होल्टवर ६० वॅट घेणाऱ्या बल्बच्या तापलेल्या तंतूचा रोध २.४ ओहम असतो. असे दोन बल्ब समांतर जोडले की १.२ ओहम. तंतूचा रोध थोड्याफार फरकाने तोच राहतो असे सोयीसाठी धरू. वायरीच्या ०.२ ओहमसह एकूण रोध १.४ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे ८.६ अँपिअर. वायरीतच १.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि बल्बला १०.३ व्होल्टच मिळतात. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे व्होल्टेज १४ टक्क्यांनी घटले, तरी प्रकाश ४१ टक्क्यांनी घटतो. बल्ब नवा असूनही उजेड उरतो तो ५९ टक्के.

आता त्याच वायरींवर १०० वॅटचे दोन बल्ब लावू. त्यांचा एकत्रित रोध ०.७२ ओहम. प्रवाह १३ अँपिअरपर्यंत चढतो, २.६ व्होल्ट वाटेतच जातात आणि बल्बला ९.४ व्होल्ट मिळतात. हिशेब केला तर आधीच्या तुलनेत उजेड वाढतो सुमारे २२ टक्के. मात्र वायरी आणि स्विच यांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती १५ वॅटवरून ३४ वॅटवर, म्हणजे दुपटीहून अधिक होते. तीही पाच मीटरभर सारखी पसरत नाही. जेथे संपर्क खराब, तेथे ती साठते. आवरण वितळते ते तेथेच.

उपाय बल्ब बदलण्यात नसून वाट बदलण्यात आहे. त्यासाठी रिले वापरतात. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. त्याच्या वेटोळ्याला पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो. जुन्या स्विचने फक्त हे वेटोळे चालवायचे. दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड वायरीने, फ्यूजमधून, रिलेच्या संपर्कातून थेट दिव्यांकडे न्यायचा. रिलेवर आकडे छापलेले असतात : ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची टोके, ३० वर बॅटरीकडून आलेली वायर आणि ८७ वर दिव्याकडे जाणारी. अप्परला एक आणि डिप्परला एक असे दोन रिले लागतात.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली आणि दिव्यांच्या अर्थिंगसाठी गंजक्या पत्र्यावर विसंबून न राहता स्वतंत्र वायर ओढली, तर वाटेतील रोध ०.०३ ओहमपर्यंत खाली येतो. तेच ६० वॅटचे बल्ब आता ११.७ व्होल्टवर जळतात आणि ९२ टक्के प्रकाश देतात. म्हणजे बल्ब न बदलता उजेड दीडपटीहून अधिक झाला! फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो बल्बच्या नव्हे, तर वायरीच्या रक्षणासाठी असतो. फ्यूजच्या अलीकडे वायर घासून पत्र्याला टेकली, तर तिला कोणीच वाचवू शकत नाही. डाव्या आणि उजव्या दिव्यांना वेगवेगळे फ्यूज दिले, तर एक उडाला तरी गाडी आंधळी होत नाही.

मूळ विलीज जीपची विद्युतयंत्रणा ६ व्होल्टची होती. तेवढ्याच वॅटसाठी तेथे दुप्पट प्रवाह लागतो आणि त्याच रोधात चौपट उष्णता होते. म्हणून अशा गाडीत जाड वायर आणि स्वच्छ जोड यांचे महत्त्व अधिकच.

या साऱ्याचा अर्थ रस्त्यावर पाहू. ऊस गळीताच्या हंगामात कराड-सांगली भागात रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात आणि एखादी बिघडून अंधारात उभीही असते. पूर्ण प्रकाशात अशी ट्रॉली १०० मीटरवरून दिसते असे समजू. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून ९२ टक्के प्रकाशात ती ९६ मीटरवर दिसेल, तर ५९ टक्क्यांत ७७ मीटरवर. फरक १९ मीटरचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वा सेकंदाच्या आत कापले जाते. ब्रेकवर पाय पडायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

उजेड वाढला की जबाबदारीही वाढते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डिप्परचा झोत डाव्या कडेला किंचित वर उचललेला असावा लागतो. उजवीकडून वाहतूक असणाऱ्या देशांसाठी घडवलेला दिवा बसवला, तर तोच उचललेला भाग समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब खुपसला आणि त्याचा प्रकाश-उगम तंतूच्या नेमक्या जागी आला नाही, तरी झोत विस्कटतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार, दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला झोताने दिपवता कामा नये. ढोबळ तपासणीसाठी सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी. डिप्परच्या उजेडाची आडवी वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर खाली असावी.

वर्गातही हे दाखवता येते. १२ व्होल्टची बॅटरी, गाडीचा एक बल्ब, फ्यूज, लांब बारीक वायर आणि मल्टिमीटर एवढे साहित्य पुरे. बल्ब न जोडता वायरीच्या दोन मोकळ्या टोकांमधील विभवांतर मोजले, तर मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. प्रवाहच नसल्याने वायरीत काही खर्च होत नाही. बल्ब जोडून पेटवला की त्याच टोकांमधील आकडा खाली येतो. वायर जाड आणि आखूड करून पुन्हा मोजावे. ‘वायरीत करंट तर येतोय’ असे सांगून दोष बल्बला देणारा कोठे चुकतो, हे विद्यार्थ्यांना त्या दोन आकड्यांवरून कळेल.