‘आमची डीव्हीडी कॉपी होत नाही’

लग्नाच्या शूटिंगचा सौदा ठरताना एक वाक्य अजूनही हमखास ऐकू येतं: “आमची डीव्हीडी कॉपी होत नाही, जास्तीच्या प्रती आमच्याकडूनच घ्याव्या लागतील.” जयपूरच्या प्रताप नगरातला स्टुडिओ असो की जालन्याच्या बाजारपेठेतला, बोलणारा इतक्या ठामपणे बोलतो की नवरीचा मामा मुकाट्याने आणखी चार प्रतींचे पैसे काढून देतो. शाळेचं गॅदरिंग, हौशी नाटक, कीर्तन सप्ताह, सगळीकडे हाच प्रकार. कधी ती निव्वळ थाप असते. पण बरेचदा बोलणाऱ्याचाही तिच्यावर विश्वास असतो, कारण त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी प्रोटेक्शन’ अशी एक चौकट असते आणि त्याने तिच्यावर खूण केलेली असते.

ती खूण त्या चकतीवर काहीही करत नाही. बाजारातल्या कोऱ्या डीव्हीडी-आरवर दुकानातल्या बर्नरने लिहिलेला आणि कुठल्याही प्लेअरवर चालणारा व्हिडिओ कॉपी होण्यापासून रोखता येत नाही. फार तर समोरच्याची थोडी दमछाक करता येते.

कारण समजून घ्यायला सिनेमाची विकतची डीव्हीडी पाहावी लागते. तिच्यावरच्या संरक्षणाला सीएसएस म्हणतात; १९९६च्या सुमाराला ते आलं. त्यात चित्र सांकेतिक रूपात लिहिलेलं असतं आणि ते उलगडायची किल्ली चकतीच्या आतल्या कडेला, मध्यभागाच्या भोकाजवळच्या ‘लीड-इन’ नावाच्या पट्ट्यात ठेवलेली असते. परवाना घेतलेला प्लेअर आधी तिथे जातो, किल्ली घेतो आणि मग सिनेमा दाखवतो. आता कोणी ही चकती जशीच्या तशी दुसऱ्या कोऱ्या चकतीवर उतरवायला गेला, तर चित्राची सांकेतिक माहिती उतरते, पण किल्ली उतरत नाही. कारण सर्वसाधारण कोऱ्या डीव्हीडीवर किल्लीची ती जागा कारखान्यातच भरून टाकलेली असते. बर्नरला तिथे लिहिताच येत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून.

गंमत इथेच आहे. जी जागा चोराला बंद, तीच शूटिंगवाल्यालाही बंद. त्याला स्वतःची किल्ली ठेवायची म्हटली तरी ठेवणार कुठे? मग सॉफ्टवेअरमध्ये ती चौकट का असते? कारण ती सॉफ्टवेअर कारखान्यात डीव्हीडी छापून घेणाऱ्यांसाठीही असतात. तिथे काचेच्या मास्टरवरून साचा होतो, साच्यातून चकत्या दाबून काढतात आणि किल्ली त्या साच्यातच येते. चौकटीवरची खूण म्हणजे कारखान्याला दिलेली सूचना. त्यासाठी परवाना लागतो आणि हजारोंच्या संख्येने प्रती काढल्या तरच तो खर्च परवडतो. एका लग्नाच्या पाच डीव्हीडींसाठी तो खटाटोप कोण करणार?

२००७मध्ये यावर एक अधिकृत तोडही निघाली होती. घरच्या घरी सीएसएससह लिहिता येतील अशा खास कोऱ्या चकत्या आणि त्यांच्यासाठी खास बर्नर यांना मान्यता मिळाली. चकती वेगळी, यंत्र वेगळं, आणि हेतू सिनेमे डाउनलोड करून विकायचा. तोवर लोक इंटरनेटवर थेट सिनेमे पाहू लागले होते; ती चकती काही रुजली नाही.

आणि समजा किल्ली बसवता आली असती, तरी? सीएसएसची किल्ली जेमतेम ४० बिटांची. ऑक्टोबर १९९९मध्ये ती व्यवस्था मोडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम जगभर पसरला. त्यात हात असलेला नॉर्वेचा यॉन लेक योहानसेन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला झाला. २००३च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी अपिलातही तोच निकाल राहिला. हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांचं कुलूप ज्या जगात टिकलं नाही, तिथे लॅपटॉपवरच्या एका टिचकीवर किती भिस्त ठेवायची?

तरी काही हुशार मंडळी वेगळा डाव टाकतात. चकतीत मुद्दाम खराब भाग सोडायचे, फाइलचा आकार खोटा दाखवायचा, म्हणजे कॉपी करणारा संगणक अडखळेल. अडखळतोही, मग खराब भाग वगळून पुढे वाचणारं फुकटचं सॉफ्टवेअर कोणीतरी वापरतं आणि काम होतं. पण या युक्तीचा फटका आधी बसतो तो पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला. सोनीने हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं, तेव्हा २००७मध्ये ‘कसिनो रॉयाल’सारख्या सिनेमांच्या अस्सल डीव्हीडी काही प्लेअरवर नीट चालेनात आणि कंपनीला ते मान्य करावं लागलं. त्याआधी २००२मध्ये युरोपात संगीताच्या संरक्षित सीडी निघाल्या होत्या. चकतीच्या बाहेरच्या कडेला साध्या मार्करने रेघ ओढली की ते संरक्षण संपत असे. मार्करने!

बाकीचे गैरसमज झटपट निकालात निघतात. डीव्हीडी ‘फायनलाइज’ केली की तिच्यावर आणखी काही लिहिता येत नाही, कॉपी मात्र खुशाल करता येते. फाइल ‘रीड-ओन्ली’ असणं म्हणजे ती बदलता येत नाही एवढंच. पासवर्ड घातलेली चकती घरच्या प्लेअरवर चालणार नाही, आणि ज्याला पासवर्ड दिला तो प्रत काढूच शकतो. चकतीवरचं ‘कॉपी करणे गुन्हा आहे’ हे लेबल फक्त माणसाला वाचता येतं. चित्रावर उमटवलेलं नाव कॉपी थांबवत नाही, फार तर ती कुठून निघाली ते सांगतं. २०१६मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाआधीच फुटला, तेव्हा त्या प्रतीवर ‘सेन्सॉरसाठी’ अशा अर्थाचे शब्द स्पष्ट दिसत होते.

मुळात रोखायचं काय? ज्याला चित्र दाखवायचं त्याच्या हातात चित्र द्यावंच लागतं, आणि पडद्यावर आलेली गोष्ट कुठेतरी नोंदवता येते. हे ओळखून धंदा करणारे वेगळ्या वाटेने गेले. मालेगावात शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ केला तो व्हिडिओ कॅमेऱ्यावर, आणि तो चालला गावच्या व्हिडिओ पार्लरमध्ये, तिकिटावर. २००७च्या सुमाराला मोझर बेअर या कंपनीने सिनेमांच्या अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. त्या दरात चोरटी प्रत घेण्यात फारसा फायदा उरत नव्हता.

लग्नाच्या बाबतीत तर आणखी एक घोळ आहे, आणि तो कोणाच्या गावीही नसतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७, पोटकलम (ख) सांगतं की कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले किंवा फिल्म करून घेतली, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो पैसे देणाराच. म्हणजे वधुपित्याने मुलीच्या लग्नाच्या डीव्हीडीची प्रत काढली तर तो चोरी करत नाही. बहुतेक वेळा ती फिल्म त्याचीच असते. २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५क संरक्षण फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं खरं, पण ते दुसऱ्याच्या हक्काचं उल्लंघन करायच्या हेतूने फोडणाऱ्यासाठी आहे. महाराष्ट्राने तर २००९मध्ये एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात झोपडपट्टीदादांच्या पंगतीला ‘व्हिडिओ पायरेट’ही बसवले. हे कायदे आत्याला भाच्याचं लग्न दाखवणाऱ्यासाठी नाहीत.

स्टुडिओचं खरं दुखणं बुडणाऱ्या पैशांचं असतं, आणि त्यावरचे उपाय साधे आहेत: कामाआधी लेखी करार, अॅडव्हान्स, पूर्ण रक्कम मिळेपर्यंत स्टुडिओचं नाव आडवं लिहिलेली नमुना-प्रत. प्रतींच्या विक्रीवर पोट भरायचं असेल तर ती किंमत सुरुवातीच्या बिलातच धरावी.

गिऱ्हाइकाने तर प्रत काढायलाच हवी. डीव्हीडी-आरवरची माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात जळलेली असते. ऊन, उकाडा आणि दमट हवा यांनी तो थर खराब होतो. गच्चीखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात अनेक उन्हाळे काढलेली चकती अडखळू लागली, की आधी ‘कन्यादान’ गोठतं आणि मग पुढची पंगत चौकोनाचौकोनांत दिसते. शिवाय नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह कोणाकडून तरी मागून आणावा, चकतीवरचं ‘व्हिडिओ_टीएस’ हे फोल्डर अख्खंच्या अख्खं हार्ड डिस्कवर ओढावं आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. एका थराच्या चकतीवर जास्तीत जास्त ४.७ जीबी, चकती धड असेल तर चहा होईपर्यंत उतरते.