नोकरीचे पत्र आले, सही करण्यापूर्वी

मुलगी शिकून तयार झाली आणि नोकरीचे पत्र हाती आले, की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पगार किती?" त्यात गैर काही नाही. शिक्षणासाठी काढलेले कर्ज फेडायचे असते, घरभाडे द्यायचे असते, धाकट्या भावंडांचे पाहायचे असते. परंतु नर्स प्रॅक्टिशनर ह्या नव्या शिक्षणाच्या बाबतीत हा प्रश्न दुसरा असावा, असे आम्हांस वाटते. पहिला प्रश्न असा: "तेथे तिला काय काय करू देणार, आणि ते कागदावर कोठे लिहिले आहे?"

असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. 1965 साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि डॉक्टर हेन्री सिल्व्हर ह्यांनी मुलांच्या आरोग्यासाठी एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. जिथे डॉक्टर सहज मिळत नाहीत तिथे अनुभवी नर्सने रुग्ण तपासावा, साधे आजार ओळखावेत, उपचार ठरवावेत, हा त्यामागचा विचार. नर्स प्रॅक्टिशनर हे नाव तेथून जगभर गेले. फोर्डबाई जानेवारी 2025 मध्ये वयाच्या 104 व्या वर्षी वारल्या.

मात्र परिचारिकेने डॉक्टरांच्या जवळपासचे काम करणे त्याआधीही चालतच असे. आपल्या बहारीनमध्ये 1903 साली मेसन मेमोरियल हॉस्पिटल उघडले. तेच पुढे अमेरिकन मिशन हॉस्पिटल झाले. 1920 च्या दशकात तेथे कोर्नेलिया डालेनबर्ग ही नर्स आली. लोक तिला प्रेमाने 'शरीफा' म्हणत. त्या काळात हाताशी आलेले काम करणे हाच नियम होता. आज तसे नाही. आज प्रत्येक कामामागे परवाना आहे, आणि परवान्याबाहेर केलेल्या कामाची जबाबदारी करणाऱ्याच्या अंगावर येते.

पदवीचे नाव आणि परवान्याचे नाव

भारतात 2015 नंतरच्या वर्षांत इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. प्रसूतिसेवेसाठी अशाच परिचारिका तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे 2018 साली निघाली. अमेरिकेत तर एकाच देशात राज्याराज्यांत फरक आहे: काही राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करते, काहींत डॉक्टरांशी लेखी करार असावा लागतो. एकच पदवी सीमा ओलांडली की तिचा अर्थ बदलतो, हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

बहारीनमध्ये परवाना देण्याचे काम राष्ट्रीय आरोग्य नियमन प्राधिकरण, म्हणजे ज्याला सर्वजण एन.एच.आर.ए. म्हणतात ते, करते. 2009 च्या कायद्याने ते स्थापन झाले. परवाना कोणत्या वर्गात मिळायचा हे तेच ठरवते. तेव्हा पदवीवर जे नाव आहे तेच परवान्यावर येईल असे धरून चालू नये. पदवी आणि नोंदणीच्या कागदांची मूळ ठिकाणी पडताळणी होते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून किंवा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून उत्तर येण्यास वेळ लागू शकतो. हा वेळ कोण सोसणार, फी कोण भरणार आणि तोवर पगाराचे काय, हेही पत्रात असावे.

येथेच जन्मलेल्या मुलामुलींसाठी आणखी एक गोष्ट. वडिलांच्या व्हिसावर राहतो म्हणून नोकरी करता येते, असे नाही. श्रमबाजार नियमन प्राधिकरणाचा, म्हणजे एल.एम.आर.ए.चा, कामाचा परवाना लागतोच. "आधी रुजू व्हा, कागद मागाहून करू" असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणावे.

दोन पत्रांची गोष्ट

आमच्या परिचयाचे एक कुटुंब अमवाजला राहते. अमवाज म्हणजे अरबीत लाटा. मुहर्रकच्या ईशान्येला समुद्रात भर टाकून ही बेटे तयार केली आहेत. ह्या घरातील मुलगी अतिदक्षतेचा अभ्यासक्रम पुरा करून आली आणि एकाच आठवड्यात दोन पत्रे आली. ओळख पटू नये म्हणून आकडे आम्ही थोडे बदलून देत आहोत. पहिले पत्र 600 दिनारांचे, आठवड्याला 48 तास. दुसरे 520 दिनारांचे, आठवड्याला 40 तास. दोन्हींत पदाचे नाव 'स्टाफ नर्स'.

वडिलांनी लगेच हिशेब केला: महिन्याला 80 जास्त, म्हणजे वर्षाला 960. कर्जाचे हप्ते डोळ्यांपुढे असल्यावर हा आकडा लहान नव्हे. आईचे म्हणणे, रात्रीची ड्यूटी अकराला सुटली तर मनामाहून मुहर्रक आणि तेथून अमवाज, एवढे यायचे कसे? मुलीने दोघांचेही ऐकून घेतले आणि दोन्ही ठिकाणी सारखेच चार प्रश्न लिहून पाठवले:

माझ्या परवान्याचा अर्ज कोणत्या वर्गात करणार? रुग्ण तपासणे, तपासण्या लिहून देणे, औषधाची मात्रा बदलणे, ह्यांपैकी काय मी स्वतः करायचे आणि कशाला डॉक्टरांची सही लागेल? अडचण आली तर रात्री फोन कोणाला करायचा? पहिले तीन महिने मला शिकवणार कोण?

दुसऱ्या ठिकाणाहून दोन पानी उत्तर आले. त्यात गोड काहीच नव्हते. परवाना रजिस्टर्ड नर्सचाच मिळेल, औषधाची चिठ्ठी तिने लिहायची नाही, हे स्पष्ट लिहिले होते. परंतु अतिदक्षता विभागातील रोजच्या फेरीत ती डॉक्टरांबरोबर असेल, पहिले बारा आठवडे एक ज्येष्ठ परिचारिका तिच्या जोडीला राहील आणि वर्षाअखेर तिच्या जबाबदाऱ्यांचा पुन्हा विचार होईल, हेही लिहिले होते.

पहिल्या ठिकाणाहून फोन आला. "तुम्ही शिकलेल्या आहात, सकाळची ओपीडी तुम्हीच सांभाळा. डॉक्टर दुपारी येऊन सह्या करतील. बाकी आल्यावर बोलू." घरातल्यांना क्षणभर हा मानच वाटला. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, परवाना नर्सचा आणि काम डॉक्टरांचे. सकाळी एखाद्या पेशंटचे बरेवाईट झाले, तर दुपारची सही मला वाचवणार नाही."

मग वडिलांनीच हिशेब पुन्हा मांडला. आठवड्याचे 48 तास म्हणजे महिन्याचे 208; 600 दिनारांना तासाचा भाव 2 दिनार 885 फिल्स पडला. 40 तासांच्या नोकरीत 520 दिनारांना तो 3 दिनार पडला. जादा 960 दिनारांसाठी वर्षाला 416 तास अधिक द्यायचे होते, म्हणजे त्या जादा तासांची किंमत 2 दिनार 300 फिल्सच्या आसपास. मुलीने दुसरी नोकरी धरली. कर्ज फिटायला आता अधिक काळ लागेल, आणि शिकलेले सगळे तिला अजून वापरता येत नाही. हे दोन्ही तोटे खरेच आहेत. पण ते तिने आधी वाचून, समजून पत्करले आहेत.

कायदा काय देतो

खासगी नोकरीसाठी बहारीनचा 2012 चा 36 क्रमांकाचा श्रम कायदा लागू होतो. त्यातील थोड्या गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. कामाचे तास आठवड्याला 48 पेक्षा अधिक नसावेत. त्यापुढील कामाला दिवसा किमान 25 टक्के आणि रात्री 50 टक्के जादा मोबदला. अजमाइशीचा काळ सर्वसाधारणपणे तीन महिन्यांपर्यंत. ह्या काळात एका दिवसाच्या नोटिशीवर कोणासही करार मोडता येतो. वर्षभराच्या नोकरीनंतर 30 दिवसांची भरपगारी रजा. बाळंतपणाची 60 दिवसांची भरपगारी रजा. करार अरबीत असतो. दुसऱ्या भाषेत असला तर सोबत अरबी प्रत हवी. ती प्रत जाणत्याकडून वाचून घ्यावी, कारण वाद झाला की तीच पुढे येते.

नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची पद्धत मार्च 2024 पासून बदलली आहे. परदेशी कर्मचाऱ्यासाठी मालकाने ती दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरायची असते: पहिली तीन वर्षे पगाराच्या 4.2 टक्के, त्यापुढे 8.4 टक्के. म्हणून मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हे पत्रात वेगवेगळे लिहून घ्यावे. आणि पासपोर्ट मालकाजवळ ठेवायला कधीही देऊ नये. तो ठेवून घेण्याचा त्याला अधिकार नाही.

भारतातून येऊ पाहणाऱ्या नात्यातील मुलींनाही एवढे कळवावे: बहारीनसह ज्या 18 देशांसाठी भारत सरकारने परिचारिकांच्या भरतीवर 2015 साली बंधने घातली, तेथे नोकरी ई-मायग्रेटच्या मार्गानेच घ्यावी. टूरिस्ट व्हिसावर येऊन नोकरी शोधण्याचा सल्ला देणारा माणूस आपला हितचिंतक नव्हे.

थोरांनी काय करावे

नवशिक्या नर्स प्रॅक्टिशनरचे पहिले वर्ष फार मोलाचे. त्या वर्षात चांगला डॉक्टर किंवा ज्येष्ठ सिस्टर पाठीशी उभी राहिली, तर पुस्तकातले ज्ञान हातात उतरते. कोणीच नसले, तर एक तर भीतीने हात आखडतो, नाही तर नको तेवढे धाडस अंगात येते. दोन्हींत रुग्णाचे नुकसान आहे.

म्हणून आमची वडीलधाऱ्या मंडळींना विनंती आहे, की पत्र आले त्याच संध्याकाळी पेढे वाटून मुलीला शब्दात अडकवू नये. तिला चार दिवस द्यावेत. तिचे प्रश्न लिहून पाठवू द्यावेत. प्रश्न विचारले म्हणून नोकरी जाईल, ही भीती आपल्या पिढीची आहे. जे रुग्णालय लेखी प्रश्नाला लेखी उत्तर देते, ते पुढे अडचणीच्या वेळीही बहुधा तसेच वागते. आणि जे आजच टाळते, ते उद्या सांभाळून घेईल असे मानण्यास काही आधार नाही. एवढे झाल्यावर मग पगार विचारावा, आणि तोही महिन्याचा नव्हे, तासाचा.