आधी मोबाईल मोजा, मग धडा उलटा करा

फ्लिप्ड क्लासरूम, म्हणजे सांगणं व्हिडिओतून घरी आणि सराव वर्गात, असा विषय निघाला की शिक्षकांचा पहिला प्रश्न असतो, व्हिडिओ कोणत्या ॲपवर बनवायचा? बीड जिल्ह्यातल्या आमच्या पाटोदा-शिरूरच्या डोंगरपट्ट्यात त्याच्याही आधी एक प्रश्न येतो. घरातला मोबाईल घरी येतो किती वाजता?

नववीच्या वर्गात हे विचारताना मी हात वर करायला लावले नाहीत, चिठ्ठ्या घेतल्या. चारचौघांत हात वर करायचा म्हटलं की ज्याच्या घरी मोबाईल नाही, तोही करतो. चिठ्ठ्यांमधून चित्र स्पष्ट झालं. मोबाईल बहुतेक घरांत आहे, पण दिवसभर तो बापाच्या खिशात, रानात नाहीतर मोंढ्यावर. रात्री जेवणं उरकल्यावर तो लेकरांच्या हाती येतो, तोही आधी थोरल्या भावाच्या. मुलींच्या वाट्याला उरलंसुरलं. तोवर दिवसाचं नेट संपत आलेलं. एका चिठ्ठीवर एवढंच होतं, "पप्पा रात्री येतेत, तवा चार्जिंग नसती."

पहिल्या धड्याचं माप या चिठ्ठ्यांनीच ठरवलं. व्हिडिओ सहा-सात मिनिटांचा, फाईल हलकी, आणि शाळा सुटायच्या आधीच ज्याला जमेल त्याच्या मोबाईलवर किंवा मेमरी कार्डवर टाकून दिलेली. रात्री नेट लागायलाच नको.

ही पद्धत गाजवली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क हायस्कूलच्या दोन रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी, जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांनी. २००७ साली त्यांनी आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. कारण साधं होतं. शाळा आडबाजूला, खेळांच्या सामन्यांना जाणारी पोरं बराच वेळ प्रवासात, त्यांचे तास बुडायचे. बुडालेला तास परत देता यावा म्हणून व्हिडिओ आला. मग त्यांच्या लक्षात आलं, की सांगणं घरी उरकलं तर वर्गातला वेळ अडलेल्या पोरांसाठी मोकळा होतो. तास बुडवणारी पोरं बीडच्या शिक्षकाला नवी नाहीत. त्यांच्याकडे सामने होते, आमच्याकडे ऊसतोड आहे. त्याकडे येतोच.

धडा निवडला विज्ञानाचा पहिलाच, गतीचे नियम. त्यातलंही फक्त अंतर आणि विस्थापन. पहिल्या वेळी अख्खा धडा उलटा करायला जाऊ नये. एक संकल्पना पुरे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर तयार साहित्य मिळतं, ते मी पाहून ठेवलं होतं. पण पहिल्या वेळी पोरांना आपल्याच सरांचा आवाज ऐकू यावा, असं मला वाटतं. अनोळखी आवाजाला ती टीव्हीसारखी बघतात आणि सोडून देतात.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात दोन बाक जवळ ओढले, मधे दोन लाकडी पट्ट्या टाकल्या आणि त्यांवर मोबाईल कॅमेरा खाली येईल असा ठेवला. खाली वही. कॅमेऱ्यात फक्त हात, पेन आणि कागद. चेहरा दाखवायची गरज नसते. फळ्यावर खिडकीचा उजेड चमकतो, कागदावर तो त्रास नाही. पंखा बंद करावा लागतो, नाहीतर आवाजात घरघर येते. अक्षर नेहमीच्या दुप्पट मोठं हवं, कारण बघणाऱ्याचा स्क्रीन फुटका असू शकतो. गावाचं चित्र, शाळेचं चित्र, मधे वळणाचा रस्ता. रस्त्याने चाललो ते अंतर. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ रेषेत, दिशेसकट, ते विस्थापन. एवढंच सांगून थांबायचं. गणितं व्हिडिओत घ्यायची नाहीत, ती वर्गासाठी.

घरी करायचं काम तीन ओळींचं: कळलं ते दोन ओळींत, अडलं ते एका ओळीत. ही तिसरी ओळ म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी. 'धडा वाचून या' असं आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. कुणी वाचून आलं तरी आपण पुन्हा पहिल्यापासून शिकवायचो, मग वाचायचं कशाला? उलट्या तासाचं पथ्य हेच आहे. न बघता आलेल्यांसाठी सगळ्या वर्गाला पुन्हा शिकवायचं नाही. त्यांना मागच्या बाकावर शाळेच्या मोबाईलवर व्हिडिओ लावून द्यायचा, रागावायचं नाही. मोबाईल न मिळणं हा त्या लेकराचा गुन्हा नसतो.

खरी मेहनत लागते ती वर्गातल्या चाळीस मिनिटांसाठी. मी हार्वर्डच्या एरिक माझूर यांची रीत घेतली. ते १९९१ पासून भौतिकशास्त्र असं शिकवत आले आहेत: प्रश्न टाका, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यावं, मग शेजाऱ्याशी वाद घालावा आणि पुन्हा उत्तर द्यावं. आमच्याकडे त्याला यंत्र लागत नाही. पर्याय एक ते चार, तेवढी बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत.

प्रश्न असा होता: ऊसतोडीची टोळी ट्रकने गावातून कोल्हापूरकडच्या कारखान्यावर गेली, समजा साडेतीनशे किलोमीटर. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, त्याच रस्त्याने गावात परत आली. विस्थापन किती? बरीच बोटं सातशेच्या पर्यायावर गेली. मग वर्गात कालवा झाला. तो प्रवास केलेला एक मुलगा शेजाऱ्याला सांगत होता, "आरं, जिथून निघालो तिथंच आलो की, मंग शून्यच!" दुसऱ्या फेरीत बोटं बदलली. शेजाऱ्याने समजावलेलं माझ्या समजावण्यापेक्षा लवकर उतरतं, हे मान्य करायला शिक्षकाला जरा जड जातं.

एका पालकाने विचारलंच, "मोबाईलमधीच बघायचं, तर मंग तुमी काय शिकविणार?" त्यांना तासाला येऊन बसायला सांगितलं. पालकसभेत समजावण्यापेक्षा ते सोपं पडतं.

आता ऊस. दसरा झाला की टोळ्या हलतात आणि घरातला मोबाईल आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातो. आजीजवळ मागे राहिलेल्या पोराकडे उरतो साधा बटणाचा फोन, किंवा तोही नाही. म्हणजे हंगामात इथे बसलेल्याला व्हिडिओ मिळत नाही आणि फडावर गेलेल्याला मिळतो. तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रात्री तो व्हिडिओ बघून पोरगं आवाजी मेसेजवर उत्तरही पाठवेल. पण छातीशी बोटं धरून वाद घालायला तिथे शेजारी नसतो, आणि या पद्धतीत शिकणं घडतं ते त्या वादात. त्यामुळे फडावर गेलेल्या लेकराला व्हिडिओ पाठवून शाळा पोचली, असं कागदोपत्री कुणी दाखवू नये. त्याला गावात ठेवून घेणारं वसतिगृहच लागतं.

बीडमध्ये ज्यांना हा प्रयोग करायचा आहे, त्यांनी पहिला तास जून ते दसरा या काळात घ्यावा. तेव्हा मोबाईलही गावात असतो आणि पोरंही.