शेतीची वही वेगळी, धंद्याची वही वेगळी

मार्च महिना म्हणजे ज्वारीच्या काढणी-मळणीची धांदल. त्यात हिशेबाची वही मागे पडते. शिवाय "शेतीला कर नाही, मग हिशेब कशाला?" असे आपण म्हणतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरे. पण शेताच्या बांधावर उभा राहिलेला प्रत्येक धंदा म्हणजे शेती नव्हे.

रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न शेतीचे धरतात. दूध, कोंबडीपालन, भाड्याचा ट्रॅक्टर, डाळगिरणी यांचे उत्पन्न मात्र धंद्याचे. दोन्हींचा पैसा एकाच खिशात गेला, की शेतीचा किती आणि धंद्याचा किती, हे पुढे सांगता येत नाही.

अक्कलकोट, दुधनी, बार्शी भागात तूर पिकते, म्हणून डाळगिरणीचेच उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. घरची १० क्विंटल तूर भरडली. बाजारभाव ६,५०० रुपये धरला, तर तुरीची किंमत ६५,००० झाली. डाळ आणि चुणी विकून ८१,००० आले. वीज, मजुरी, पोती यांना ८,००० गेले. वही एकच असेल तर गिरणीचा नफा ७३,००० दिसतो. पण घरच्या तुरीची बाजारभावाने होणारी किंमत शेतीकडे जमा धरायची असते. तसे केले की गिरणीचा खरा नफा उरतो ८,०००. मात्र तूर पिकवण्याचा खर्च मग गिरणीच्या वहीत पुन्हा लिहायचा नाही.

हे दाखवायला पुरावा लागतो. भरडणीच्या दिवसाचा बाजार समितीचा भाव वहीत लिहून ठेवा. सातबाऱ्यावर तुरीची नोंद हवी. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्यानेच मोबाइलवर करायची आहे. ज्यांना जमत नाही, त्यांना ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) आणि कृषी सहायकांनी हंगामातच मदत करावी. शेतात नोंद नाही आणि वहीत तूर आहे, असे झाले तर उत्तर देणे अवघड.

पूर्वी व्यापारी दिवाळीला वही बदलत. आयकरासाठी मात्र १९८९ पासून सर्वांचे वर्ष ३१ मार्चलाच संपते. त्या दिवशी संध्याकाळी एवढे कराच:

१) शिल्लक तूर, डाळ, चुणी, पोती मोजून किमतीसह लिहा.
२) गल्ल्यातली रोकड मोजा, पासबुक भरून आणा आणि दोन्ही वहीशी जुळवा.
३) उधारी कुणाकडून येणे, कुणाला देणे, नावानिशी यादी करा.
४) यंत्राचे बिल जपा. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या नव्या यंत्राचा घसारा त्या वर्षी निम्माच मिळतो.
५) दुरुस्ती, पोती अशा खर्चापोटी एकाच दिवशी एकाच माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले, तर तो खर्च करात धरत नाहीत. रक्कम बँकेतून द्या.

ज्याची वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आत आहे, त्याला ढोबळ पद्धतीची सोय आहे. रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून कर काढतात. आडत-दलालीला ही सोय नाही. पण या पद्धतीतही विक्री किती झाली, ते सांगावेच लागते, म्हणजे वही सुटत नाही. आणखी एक गोष्ट: धंद्याचे उत्पन्न करमर्यादेच्या वर गेले, की कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही विचारात घेतात. म्हणून विवरणपत्रात ते लपवू नये, फुगवूही नये.

वही नीट असली की कर्ज मागताना बँकेपुढे धंदा दाखवता येतो, आणि गिरणी खरोखर पोसते की घरची तूर खाते, हे आपले आपल्यालाही कळते. तेव्हा १ एप्रिलला दोन वह्या घ्या. एकीवर 'शेती' लिहा, दुसरीवर 'धंदा'. रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटे द्या. पुढचा मार्च जड जाणार नाही.